घर-सफाईचा व्यवसाय: चंद्रपूर-गडचिरोलीत पहिलं काम घेण्याआधी हा हिशोब करा

व्हिडिओत हिशोब जरा पटकन गेला, म्हणून इथे सावकाश मांडतो.

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो: "सर, आमच्या इथे घर साफ करायला पैसे कोण देणार? कामवाल्या ताई आहेतच ना!" बरोबर आहे. म्हणून रोजच्या झाडू-पोछ्यात उतरूच नका. त्या ताईंचं काम हिसकावून आपला धंदा उभा राहत नाही. जे काम त्यांच्याकडून होत नाही, ते तुम्ही घ्या.

काम कुठे आहे?

चंद्रपुरात औष्णिक वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत. ऊर्जानगर, घुग्घुस, पडोली भागात खिडकीच्या जाळीवर, पंख्यावर काळी धूळ बसते. मार्चमध्ये कूलर उतरवून टाकी, गवत, पंप साफ करायचं काम निघतं. दिवाळीआधी तर विचारूच नका. ताडोब्याचा कोअर भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतो. मोहर्ली, कोलारा भागातल्या रिसॉर्ट आणि होमस्टेवाल्यांना ऑक्टोबरआधी खोल्या चकाचक करून हव्या असतात.

गडचिरोलीत घरं विरळ आहेत, पण बदलीवर येणारे नोकरदार भरपूर. सामान येण्याआधी रिकामं घर साफ करून देणं, ही तिथली खरी गरज. एका भागातली कामं एकाच दिवशी लावा, नाहीतर नफा पेट्रोलमध्ये जाईल.

दर कसा काढायचा?

उदाहरण म्हणून दोन बेडरूमचं घर धरू. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला.

- दोन जणांची मजुरी: 1,000 रु.
- साहित्य: 250 रु.
- येणं-जाणं: 100 रु.
- मशीनची झीज: 100 रु.
- तुमचा स्वतःचा वेळ: 300 रु.

एकूण खर्च 1,750. त्यावर 20 टक्के, म्हणजे 350 रुपये नफा. दर झाला 2,100. आता ग्राहक म्हणतो, "1,200 मध्ये करा." तुम्ही घाबरून हो म्हणालात, तर 550 रुपये खिशातून गेले. मग कात्री कुठे लागते? सोबतच्या ताईंच्या मजुरीला. पुढच्या वेळी त्या येत नाहीत आणि धंदा तिथेच बसतो. दर कमी करायचाच असेल तर कामही कमी करा: "1,200 मध्ये फक्त किचन आणि बाथरूम."

कामाची पद्धत

कोळशाच्या धुळीवर आधी पाणी मारू नका, काळे ओघळ भिंतीवर उतरतात. आधी कोरडी धूळ ओढून घ्या, मग ओला कपडा. सुरुवात वरून, शेवट फरशीवर.

आणि हे लिहूनच ठेवा: ब्लीचिंग आणि ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतं. हातमोजे, मास्क, उघडी खिडकी, यात काटकसर नाही.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, कुणाला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्जासाठी बँकेत अर्ज करता येतो. फक्त सेवा देत असाल तर वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

पण खरं भांडवल म्हणजे विश्वास. लोक तुम्हाला बेडरूमपर्यंत आत घेतात. सोबतच्या माणसांची ओळखपत्रं ठेवा, दागिने-पैसे ग्राहकालाच आधी कुलपात ठेवायला सांगा, घरचं कुणीतरी हजर असू द्या. आधी फुटलेलं, तडकलेलं काही दिसलं तर काम सुरू करण्यापूर्वीच दाखवा.

आता मशीन घ्यायला धावू नका. या रविवारी आधी स्वतःचंच घर या पद्धतीने साफ करा, घड्याळ लावून. किती तास लागले, किती साहित्य संपलं, वहीत लिहा. तुमचं पहिलं दरपत्रक त्याच पानावर तयार होईल.