मतपत्रिकेवर उमेदवार नसतो, प्रश्न असतो तेव्हा

ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलंत की मतदान ही सवड मिळाली तर करायची गोष्ट राहत नाही. संघीय निवडणूक किंवा सार्वमत चुकवलं आणि सबळ कारण देता आलं नाही, तर २० डॉलर दंडाची नोटीस येते. त्यामुळे बहुतेक जण जातातच. निवडणुकीत ते सोपंही असतं: पक्ष माहीत असतात, चेहरे माहीत असतात, बाहेर सॉसेजचा वास सुटलेला असतो. पण कधीकधी हातात येणाऱ्या मतपत्रिकेवर एकही नाव नसतं. एक प्रश्न असतो आणि एक रिकामी चौकट. तिच्यात 'येस' किंवा 'नो' लिहायचं.

१४ ऑक्टोबर २०२३ ला अशी मतपत्रिका सगळ्या देशाच्या हातात आली. त्याआधीचं राष्ट्रीय सार्वमत १९९९ मधलं. म्हणजे चाळिशीच्या आतल्या प्रत्येक मतदाराची ती पहिलीच वेळ होती, मग तो इथे जन्मलेला असो किंवा पुण्याहून आलेला. असे प्रश्न राज्यं विचारतात, तुमची कौन्सिलही विचारू शकते. पुढचा प्रश्न कोणता असेल ते आज सांगता येत नाही, पण तो कसा वाचायचा हे आधी ठरवता येतं. शोधनिबंध हातात आला की आम्ही संशोधक निष्कर्षाआधी पद्धत वाचतो. मतपत्रिकेवरच्या प्रश्नालाही तेच लागू पडतं. त्यासाठी पाच गोष्टी तपासा.

१. हा कौल बंधनकारक आहे की नुसता विचारलेला?

देशाची राज्यघटना बदलायची तर कलम १२८ नुसार सार्वमत घ्यावंच लागतं आणि निकाल पाळावाच लागतो. बाकी ठिकाणी चौकशी करावी लागते. २०१७ मध्ये समलिंगी विवाहाबद्दल टपालाने झालेली मोजणी सार्वमत नव्हती. ती सांख्यिकी विभागाने केली, सक्तीची नव्हती आणि संसदेवर बंधनकारकही नव्हती. ६१.६ टक्के लोकांनी 'हो' म्हटल्यावर कायदा झाला, पण तो संसदेने केला म्हणून झाला.

कौन्सिलच्या पातळीवर हा फरक आणखी महत्त्वाचा. न्यू साउथ वेल्समध्ये १९९३ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टनुसार दोन प्रकार आहेत. मेयर थेट लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, नगरसेवक किती असावेत, वॉर्ड असावेत की नसावेत, अशा प्रश्नांवर घटनात्मक सार्वमत होतं आणि त्याचा निकाल पुढचं तसंच सार्वमत होईपर्यंत बांधून ठेवतो. दुसरा प्रकार साध्या कौलाचा. तो कौन्सिलच्या माहितीसाठी असतो. २०२२ मध्ये होबार्टमध्ये कौन्सिलच्या निवडणुकीबरोबर विद्यापीठ सँडी बेहून शहराच्या मध्यात हलवण्याबद्दल कौल झाला. सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी 'नाही' म्हटलं. तो बंधनकारक नव्हता, पण त्यानंतर कुठल्याच राजकारण्याला तो आकडा डोळ्याआड करता आला नाही. सल्ला म्हणून दिलेलं मत वाया जात नाही. फक्त आपण सल्ला देतोय की निर्णय घेतोय, हे ठाऊक हवं.

२. प्रश्न कुणी लिहिला, आणि त्यात काय गाळलंय?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण टास्मानियाचं. १२ डिसेंबर १९८१ ला राज्य सरकारने लोकांना विचारलं, की जलविद्युत धरण कुठे बांधू: गॉर्डन आणि फ्रँकलिन नद्यांच्या संगमाखाली, की ओल्गाच्या वर? धरण नकोच, हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. तेव्हा सुमारे एक तृतीयांश मतदारांनी कागदावर स्वतःच 'नो डॅम्स' लिहून टाकलं. पहिल्या जागेला सर्वाधिक मतं पडली, पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही सगळ्या देशाला दिसलं. पुढे संघ सरकारने हस्तक्षेप केला आणि १९८३ मध्ये हायकोर्टाच्या निकालाने ते धरण थांबलं.

१९९९ चा प्रश्नही असाच बारकाईने वाचण्यासारखा होता. 'प्रजासत्ताक हवं का' एवढंच विचारलेलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष संसदेने दोन तृतीयांश बहुमताने नेमायचा, ही पद्धतही त्याच प्रश्नात बांधलेली होती. राणी नको पण राष्ट्राध्यक्ष आम्हीच निवडणार, असं म्हणणाऱ्या काही प्रजासत्ताकवाद्यांनी 'नाही'ची बाजू घेतली. 'हो' ४५ टक्क्यांवर थांबलं. म्हणून प्रश्नात 'आणि' दिसला की थांबा. दोन वेगवेगळ्या गोष्टी एका उत्तरात घातलेल्या असू शकतात.

३. 'नाही' जिंकलं तर नक्की काय होतं?

२०२३ च्या प्रचारात एक घोषणा खूप चालली: माहीत नसेल तर 'नो'ला मत द्या. तिच्यात तथ्य नाही असं नाही. न समजलेल्या कागदावर सही करू नये, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवलं जातं. पण सही न केल्याचेही परिणाम असतात, ते ही घोषणा सांगत नाही.

तेव्हा दोन्ही बाजूंनी विचारा: हे नंतर फिरवता येईल का? वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायचं की नाही, हे लोकांना चार वेळा विचारलं: १९७५, १९८४, १९९२ आणि २००९. शेवटच्या वेळी तर आधी तीन उन्हाळे घड्याळ पुढे करून पाहिलं आणि मग १६ मे २००९ ला मत घेतलं. सुमारे ५४.५ टक्के 'नाही'. चारही वेळा उत्तर तेच. अशा प्रश्नात चुकलो तरी फार बिघडत नाही, पुन्हा विचारता येतं.

राज्यघटनेचं तसं नाही. १९०१ पासून ४५ प्रस्ताव लोकांपुढे आले आणि फक्त ८ मंजूर झाले. शेवटचं यश १९७७ मधलं. एकदा घटनेत गेलेलं वाक्य काढणं जितकं अवघड, तितकंच एकदा नाकारलेलं पुन्हा विचारलं जाणंही. प्रजासत्ताकाचा प्रश्न १९९९ नंतर मतपत्रिकेवर आलेला नाही. त्यामुळे घटनेच्या बाबतीत 'नाही' म्हणजे 'नंतर बघू' असं धरून चालू नका. अनेकदा ते एका पिढीपुरतं उत्तर असतं.

४. मतं मोजणार कशी?

नियम कळला की आपल्या मताचं वजन कळतं. ऑस्ट्रेलियाच्या घटनेला दुहेरी बहुमत लागतं: देशभर निम्म्याहून जास्त मतं आणि सहापैकी किमान चार राज्यांत बहुमत. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांच्या निवडणुका एकत्र घ्यायच्या प्रस्तावाला देशभरात ६२ टक्के मतं मिळाली, पण राज्यं तीनच, म्हणून तो पडला. कॅनबेरा किंवा डार्विनमध्ये राहत असाल, तर तुमचं मत देशाच्या बेरजेत धरतात, राज्यांच्या मोजणीत नाही. २०२३ मध्ये कॅनबेराच्या प्रदेशाने 'हो' म्हटलं, सहाही राज्यांनी 'नाही'.

महाराष्ट्रातला एक नियम याहून कडक आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायका मागणी करतात आणि मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे शेतावर गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली किंवा नवऱ्याच्या धाकाने घरी बसलेली बाई नकळत उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. मतदान सक्तीचं असलेल्या देशात ही अडचण जाणवत नाही. पण साउथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कौन्सिलचं मतदान ऐच्छिक आहे. तिथे निर्णय आलेल्या लोकांचा असतो. साउथ ऑस्ट्रेलियात तर नागरिकत्व नसलेल्या रहिवाशालाही अर्ज करून कौन्सिलच्या यादीत नाव घालता येतं. पीआरवर असाल तर हे जरूर तपासा.

५. याची झळ कुणाला, आणि मत कुणाचं?

क्वीन्सलँडने १९९२ मध्ये घड्याळाचा प्रश्न विचारला तेव्हा ब्रिस्बेन आणि आसपासचा दक्षिण-पूर्व कोपरा 'हो'कडे झुकला, उत्तर आणि पश्चिम भाग 'नाही'कडे. तासाभराचा फरक ऑफिसवाल्याला एक, गुरांमागे जाणाऱ्याला दुसरा. अशा वेळी आपली सोय एवढाच निकष पुरत नाही.

काही प्रश्नांत हे अंतर फार मोठं असतं. २७ मे १९६७ ला, मूलनिवासी लोकांना जनगणनेच्या बेरजेतून वगळणारं कलम काढावं आणि त्यांच्यासाठी कायदे करायचा अधिकार संघ संसदेला मिळावा, या प्रस्तावाला जवळपास ९१ टक्के मतं मिळाली. २०२३ चा प्रश्नही मूलनिवासींबद्दलचाच होता. ते लोकसंख्येच्या चार टक्क्यांच्या आत, मत देणार बाकी सगळे. 'हो' ४० टक्क्यांच्या जरा खालीच राहिलं. नॉर्दर्न टेरिटरीतल्या दुर्गम मूलनिवासी वस्त्यांत 'हो'ला मोठं बहुमत होतं, आणि 'नाही'च्या प्रचाराच्या आघाडीवर जेसिंटा नांपिजिंपा प्राइस आणि वॉरन मंडीन हे मूलनिवासी नेतेही होते. तेव्हा 'त्यांना काय हवंय' याला एकच उत्तर नव्हतं. पण ते शोधायचे कष्ट घेणं आणि 'हा आपला प्रश्न नाही' म्हणून खांदे उडवणं, यात फरक आहे. मत आपलं असेल तर प्रश्नही काही अंशी आपला झालेला असतो.

पक्ष आणि प्रश्न वेगळे ठेवा

आवडत्या पक्षाने जे सांगितलं ते करायचं, हा सगळ्यांत सोपा मार्ग. गोव्याने तो घेतला नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात प्रश्न होता, की महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाला फुलाचं चिन्ह, वेगळं राहण्याला दोन पानांचं. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०. विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष हरला, असं वाटेल. पण त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत लोकांनी पुन्हा त्याच पक्षाला आणि भाऊसाहेब बांदोडकरांनाच सत्ता दिली. एकूण कौल पाहिला तर राज्य तुम्ही चालवा, पण या एका प्रश्नावर आम्ही तुमच्यासोबत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं तेव्हा ही मोकळीक वापरायला हरकत नाही.

एका संध्याकाळचं काम

घटनेच्या सार्वमताआधी निवडणूक आयोग घरोघरी पुस्तिका पाठवतो. दोन्ही बाजूंना प्रत्येकी २,००० शब्दांपर्यंत जागा असते. हे मजकूर प्रस्तावाच्या बाजूने आणि विरुद्ध मत दिलेल्या खासदारांकडून येतात, आयोग त्यातली विधानं तपासत नाही. १९६७ मध्ये मूलनिवासींच्या प्रस्तावाविरुद्ध एकाही खासदाराने मत दिलं नव्हतं, म्हणून पुस्तिकेत 'नाही'ची बाजूच नव्हती. तेव्हा पुस्तिका वाचा, पण वकिलांचे युक्तिवाद म्हणून वाचा. त्याआधी घटनेत नेमके कोणते शब्द येणार किंवा जाणार ते बघा, ते बहुतेक वेळा अर्ध्या पानात मावतात. मग तुमचा कल जिकडे असेल त्याच्या विरुद्ध बाजूचा सगळ्यांत चांगला युक्तिवाद शोधा आणि तो एखाद्या मित्राला मराठीत समजावून सांगून बघा. सांगता आला नाही, तर अजून वाचायचं बाकी आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर यात धरू नका.

एवढं करूनही ठरत नसेल, तर तिसऱ्या आणि पाचव्या मुद्द्याकडे परत जा: चुकलो तर फिरवता येईल का, आणि चुकीची किंमत कोण मोजेल? बहुतेक वेळा कल तिथे कळतो.

आणि केंद्रावर गेल्यावर चौकटीत पूर्ण शब्द लिहा, इंग्रजीत: 'येस' किंवा 'नो'. नुसती बरोबरची खूण केलीत तर आयोग ती 'हो' धरतो, पण फुली 'नाही' म्हणून धरत नाही, ते मत बाद होतं. लहानपणापासून शाळेत चुकीच्या उत्तरावर फुली बघत आलेल्या आपल्यासारख्यांनी हे खास लक्षात ठेवावं.