संगणकाची लहान पेटी आणि मापांचा करार

संगणकाविषयी बोलणे निघाले म्हणजे ते बहुधा त्याच्या मेंदूविषयी असते. प्रोसेसर कोणता, रॅम किती, पडदा केवढा, एवढे विचारून झाले की गिऱ्हाइकाचे समाधान होते. हे सारे ज्या पत्र्याच्या पेटीत बसवायचे, जिला बाजारात कॅबिनेट म्हणतात, तिची निवड दुकानदारावर सोपविली जाते. आमच्या मते हे योग्य नाही. प्रोसेसर काही वर्षांत जुना होतो. नीट निवडलेली पेटी मात्र त्यानंतरही दोन-तीन संगणकांना पुरते. शिवाय एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलून काम भागणार की सगळे यंत्र मोडीत काढावे लागणार, हेही पुष्कळदा पेटीवरच ठरते. यास्तव आज आपण पेटीचाच विचार करू, आणि त्यातही लहान आकाराच्या, भाग सुटे करता येणाऱ्या पेटीचा.

लहानच का, असे कोणी विचारील. शहरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात किंवा संघटनेच्या एका टेबलाच्या कचेरीत राहणाऱ्यास हे सांगावयास नको. पेटीचे आकारमान लिटरांत मोजण्याची रीत आहे. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा आणि हजाराने भागावे. नेहमीची उभी पेटी २२ × ४६ × ४५ सेंटिमीटरची धरली, तर ती सुमारे ४५ लिटर भरते. पंधरा किलो तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा सोळा-सतरा लिटरांचा असतो. लहान पेटी म्हणजे साधारण त्या डब्याएवढी किंवा त्याहून लहान. कूलर मास्टर कंपनीची २०२० साली आलेली एनआर२०० ही पेटी १८ लिटरांच्या थोडी वर आहे. २०१३ साली गिऱ्हाइकांकडून आगाऊ पैसे जमवून काढलेली एनकेस एम१ ही १२.६ लिटरांची, तर पुढे त्याच मार्गाने निघालेली डॅन ए४ अवघी ७.२ लिटरांची. मोठ्या कारखान्यांना जो माल काढण्यात गोडी नव्हती तो हौशी गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन काढून घेतला, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

आता मुद्द्याची गोष्ट. एका कारखान्याचा मदरबोर्ड, दुसऱ्याचा एसएमपीएस आणि तिसऱ्याची पेटी, हे एकमेकांत बसतात कसे? या लोकांनी एकमेकांची तोंडेही पाहिलेली नसतात. ते बसतात, कारण मापांचा एक करार झालेला आहे. आयबीएमने १९८१ साली आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या नमुन्यावर इतरांनी यंत्रे काढली आणि त्याची मापे हळूहळू सर्वांची झाली. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचे माप प्रसिद्ध केले. त्यात मदरबोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर, पेचांची भोके अमुक ठिकाणी, मागील जोडण्यांची खिडकी अमुक मापाची, असे सर्व लिहून ठेवले. २००१ साली तैवानच्या व्हाया कंपनीने मिनी-आयटीएक्स हे माप काढले. तो बोर्ड १७० मिलिमीटरचा चौरस. येथे एक शहाणपणाची गोष्ट घडली. या लहान बोर्डाची चारही भोके एटीएक्सच्या भोकांपैकी चारांशी जुळती ठेवली. त्यामुळे लहान बोर्ड मोठ्या पेटीतही बसतो. नव्याने आलेल्याने जुना करार मोडला नाही, त्यात एक कलम वाढविले. म्हणूनच तीस वर्षांनंतरही ही मापे चालू आहेत.

एसएमपीएसचेही तसेच. मोठ्या पेटीतला १५० मिलिमीटर रुंद असतो. लहान पेटीसाठी एसएफएक्स नावाचा १२५ × १०० × ६३.५ मिलिमीटरचा मिळतो. मदरबोर्डाला जाणारी चोवीस टोकांची जोडणी मात्र दोहोंची सारखीच. पेचसुद्धा करारातलेच. संगणकात मुख्यतः दोन जातींचे पेच असतात. एक इंचाच्या हिशेबाचा, सुमारे साडेतीन मिलिमीटर जाडीचा व इंचाला ३२ आट्यांचा. दुसरा मेट्रिक, तीन मिलिमीटरचा व बारीक आट्यांचा. पहिला एसएमपीएसला व पेटीच्या पत्र्यांना, दुसरा बहुधा लहान डिस्कांना. एकाच्या जागी दुसरा दामटला की आटे जातात आणि मग तो भाग कायमचा खुळखुळतो. सर्व कारखान्यांनी पेचाचे आटे एकाच मापाचे करावेत, असे इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली सुचविले होते. कामगाराच्या हातचा पाना कोणत्याही यंत्राला चालावा, या साध्या गरजेतून ही सुधारणा पुढे आली. संगणकाची पेटी ही त्याच घराण्यातली आहे.

आम्ही कामगारांचे करार वाचण्यात आयुष्य घालविले आहे. त्यातला अनुभव असा की, भांडण लिहिलेल्या कलमावरून थोडे आणि न लिहिलेल्यावरून फार. पेटीच्या बाबतीत अगदी हेच आहे. करार जेथे संपतो ती ठिकाणे आधी ओळखावीत.

पहिले ठिकाण एसएमपीएसच्या सुट्या तारांचे. लहान पेटीत नको असलेल्या तारांची जुडी ठेवायला जागा नसते, म्हणून तारा काढता-घालता येतील असा एसएमपीएस घेतात. ते योग्यच आहे. पण तारेचे बोर्डाकडील टोक करारातले आहे. एसएमपीएसकडील टोक नाही. तेथे कोणत्या खाचेतून किती दाबाची वीज सोडायची, हे प्रत्येक कारखाना आपल्या मनाने ठरवितो. एकाच कारखान्याच्या दोन नमुन्यांतही फरक असू शकतो. तार हुबेहूब बसते, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जाऊन डिस्क जळते. तेव्हा जुन्या एसएमपीएसची तार नव्याला कधीही लावू नये.

दुसरे ठिकाण रायझर पट्टीचे. सात-दहा लिटरांच्या पेट्यांत ग्राफिक्स कार्ड बोर्डावर उभे न लावता त्याच्या पाठीशी पाठ लावून बसवितात, आणि दोहोंस एक चपटी तार जोडते. तिलाच रायझर म्हणतात. तिसऱ्या पिढीच्या जोडणीसाठी केलेला रायझर चौथ्या पिढीच्या कार्डाला लावला, तर वेग दुप्पट असल्याने संदेश विस्कटतात. पडदा काळा राहतो किंवा यंत्र मध्येच थांबते. बायोसमध्ये जाऊन जोडणी तिसऱ्या पिढीवर आणली की बहुधा काम चालते. यापेक्षा गंभीर प्रकार एनझेडएक्सटी कंपनीच्या एच१ या लहान पेटीत झाला. रायझर ज्या दोन धातूच्या पेचांनी पेटीला जोडला होता, ते पेच त्या पट्टीतल्या वीजमार्गाला लागून शॉर्ट सर्किट होऊ शके, आणि त्यातून आग लागण्याचा धोका होता. कंपनीने आधी नायलॉनचे पेच पाठविले. पण पट्टीतला मूळ दोष तसाच राहिला. उद्या कोणी अजाणता पुन्हा धातूचा पेच लावला तर काय, हा प्रश्न उरलाच. अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगामार्फत या पेट्यांसंबंधी परत-बोलावणे जाहीर झाले, आणि रायझरच बदलून देण्यात आला. दोष यंत्राच्या रचनेत असला तर वापरणाऱ्याला सावधगिरी शिकवून भागत नाही, हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते.

तिसरे ठिकाण मोठ्या कार्डाच्या नव्या वीजजोडणीचे. सोळा टोकांच्या या जोडणीतून ६०० वॅटपर्यंत वीज जाते. बारा व्होल्टला हा प्रवाह ५० अँपिअर होतो, आणि तो सहा टोकांत वाटला तरी दर टोकास आठ अँपिअरांवर येतो. २०२२ साली अशा जोडण्या वितळल्याची उदाहरणे पुढे आली, आणि २०२३ साली तिची रचना सुधारावी लागली. अरुंद पेटीत बाजूचा पत्रा दाबून बसविताना ही तार मुळाशीच वाकते. ती पूर्ण आत बसली आहे हे डोळ्यांनी पाहावे, आणि सुमारे साडेतीन सेंटिमीटर सरळ गेल्यावरच वाकू द्यावी. तेवढी जागा पेटीत नसेल तर ते कार्ड त्या पेटीसाठी नव्हे.

एवढे ध्यानात घेतले की निवड सोपी होते. घरून निघतानाच चार मापे कागदावर लिहावीत: ग्राफिक्स कार्डाची लांबी, त्याची जाडी, प्रोसेसरवरील कूलरची उंची आणि एसएमपीएसची जात. कार्डाची जाडी खाचांत मोजतात. एक खाच सुमारे २० मिलिमीटर, म्हणजे तीन खाचांचे कार्ड ६१ मिलिमीटर. कूलरसाठी एका पेटीत १५० मिलिमीटर जागा असते, तर दुसरीत पन्नासही नसते. ही मापे जुळल्याखेरीज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कितीही स्वस्त माल मिळाला तरी तो उपयोगाचा नाही. लहान बोर्डावर कार्डासाठी एकच खाच व रॅमसाठी बहुधा दोनच खाचा असतात, हेही विसरू नये. ज्यांना चार-पाच डिस्क हव्यात त्यांनी मोठी पेटीच घ्यावी. लहान भाग थोडे महाग पडतात, हेही खरे.

यानंतर उष्णता. पंखा हवा थंड करीत नाही, फक्त हलवितो. खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ७० अंशांवर असेल, तर खोली ४० अंशांवर गेली की तो ८५च्या आसपास जाणार. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना पोचले की स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतात. म्हणून काचेची बाजू शोभिवंत दिसली तरी आमची पसंती भोकाभोकांच्या पत्र्याला. गरम हवा वर जाते. तेव्हा खालून किंवा बाजूने हवा आत आणि वरून बाहेर, अशी वाट ठेवावी. आत येणाऱ्या वाटेवर निघणारी, धुता येणारी जाळी असावी; आपल्याकडील धूळ महिन्याभरात तिच्यावर पांघरूण घालते.

जुळणी करताना हाताच्या चपळाईपेक्षा क्रम महत्त्वाचा. मोठ्या पेटीत चुकलेला क्रम निभावतो. लहान पेटीत एक तार विसरली तर सगळे पुन्हा उलगडावे लागते. प्रथम अंगातली स्थिर वीज घालविण्यासाठी उघड्या धातूला हात लावावा. बोर्ड त्याच्या खोक्यावरच ठेवून प्रोसेसर, रॅम, एम.२ जातीची डिस्क आणि कूलर बसवावा. प्रोसेसरवरील लेप वाटाण्याच्या लहान दाण्याएवढा पुरे. मग एसएमपीएस बाहेरूनच जोडून यंत्र एकदा सुरू करून पाहावे. त्यासाठी प्रोसेसरमध्येच चित्राची सोय नसेल तर कार्डही थेट बोर्डावर लावावे. या चाचणीला दहा मिनिटे लागतात आणि ती पुढचे चार तास वाचविते. नंतर वीज तोडून, पेटीचे सर्व पत्रे उतरवून आधी एसएमपीएस, मग बोर्ड, मग तारा आणि सर्वांत शेवटी ग्राफिक्स कार्ड. बोर्डाखाली पितळी खुंट्या फक्त भोके असतील तेथेच ठेवाव्यात. जास्तीची एक खुंटीही बोर्डाच्या पाठीला लागून शॉर्ट करील. तारा पंख्यात येत नाहीत हे पाहून मगच पत्रे लावावेत. आणि भिंतीतल्या तीन टोकांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. पत्र्याच्या पेटीला ते अत्यावश्यक आहे.

सुटे भाग असलेली प्रत्येक पेटी पूर्ण सुटी असते असे मात्र समजू नये. दुरुस्तीयोग्य लॅपटॉपसाठी नाव मिळविलेल्या फ्रेमवर्क कंपनीने २०२५ साली साडेचार लिटरांचा एक संगणक जाहीर केला. त्याचा बोर्ड मिनी-आयटीएक्स मापाचा, म्हणजे इतर पेट्यांतही बसणारा आहे. पण रॅम बोर्डावरच डाखून टाकलेली आहे. वेगासाठी तसे करणे भाग पडले, असे कंपनी सांगते, आणि ती हे लपवीत नाही. गिऱ्हाइकाने हिशेब मांडून काय ते ठरवावे. याउलट पुष्कळ तयार संगणकांत बोर्डाची भोके, एसएमपीएसचा आकार आणि जोडणीची टोके ही सारीच त्या कारखान्याची खाजगी असतात, आणि ते कोणी सांगतही नाही. एसएमपीएस बिघडला की मग त्याच दाराशी, त्याच भावाने, आणि माल असला तर. आम्ही अशा गिऱ्हाइकास वेठबिगार म्हणतो.

आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल उघडले, आणि विद्युत कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु कायदा गिऱ्हाइकाच्या मागणीखेरीज जिवंत राहत नाही. दुकानात उभे राहिल्यावर आपण चार प्रश्न विचारावेत: बोर्ड कोणत्या मापाचा? एसएमपीएस कोणत्या जातीचा? रॅम बदलता येते काय? पेटीचे पत्रे आणि रायझर सुटे विकत मिळतात काय? एकाने विचारले तर दुकानदार हसेल. शंभरांनी विचारले तर तो कारखान्याला कळवील. आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे खिशातच ठेवण्यास कोणाची हरकत नसावी.