आभाळाचा धुरा

धुऱ्याचं भांडण म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या पोरापोरींना समजावून सांगावं लागत नाही. दारव्हा घ्या की पुसद, वणी घ्या की उमरखेड, वीतभर जागेपायी दोन भावांचं बोलणं बंद झालेलं तुम्ही पाहिलेलं असतं. पण शेताचं निदान बरं आहे. भूमी अभिलेखचा माणूस येतो, मोजणी होते, दगड रोवला जातो. आभाळात दगड कुठे रोवणार?

'शेजारी देशाच्या विमानाने हवाई हद्द ओलांडली' अशी बातमी मोबाइलवर आली की आपण लगेच ग्रुपवर ढकलतो. ती हद्द नेमकी कुठे असते, हे मात्र कुणी विचारत नाही. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाच्या जमिनीवरचं आभाळ पूर्णपणे त्या देशाचं. किनारा असेल तर समुद्रात आणखी १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. नकाशावरची रेघ सरळ वर उचलायची, झाली हद्द. कागदावर एवढं सोपं.

वर मात्र वेगाचा प्रश्न आहे. लढाऊ विमान ताशी हजार किलोमीटरने चाललं असेल तर दहा किलोमीटर जायला त्याला ३६ सेकंद लागतात. वैमानिक जरा उशिरा वळला तरी तो दुसऱ्या देशात. म्हणून भारत आणि पाकिस्तानने ६ एप्रिल १९९१ ला दिल्लीत एक करार केला. लढाऊ विमानं, बॉम्बफेकी, टेहळणी विमानं, सशस्त्र हेलिकॉप्टर यांपैकी काहीही समोरच्याच्या हवाई हद्दीच्या १० किलोमीटर आत न्यायचं नाही. बिनशस्त्र मालवाहू विमानाला १००० मीटरपर्यंत जायची मुभा. चुकून हद्द ओलांडली गेलीच तर तातडीने चौकशी करायची आणि निष्कर्ष समोरच्या हवाईदलाला कळवायचा. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा पडीत ठेवावी, तसंच हे.

या कागदाची खरी परीक्षा १९९९ मध्ये झाली. तेव्हा आपले हवाईदलप्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस, मराठी माणूस. कारगिलमध्ये २६ मे रोजी हवाई हल्ले सुरू झाले, पण अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारची अट पक्की होती : नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. शत्रू अगदी रेषेलगतच्या शिखरांवर बसलेला. विमानाला तर वळायलाच कित्येक किलोमीटर लागतात. पहिल्या तीन दिवसांत आपली दोन लढाऊ विमानं आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गेलं. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आणि हेलिकॉप्टरमधले चौघे शहीद झाले, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता पाकिस्तानच्या हाती लागले. तरी अट बदलली नाही. हा संयम फुकटचा नव्हता, एवढं लक्षात ठेवा. पण जगाचं मत भारताच्या बाजूने वळण्यात त्याचा मोठा वाटा होता, असं मला वाटतं.

२६ जुलैला कारगिल संपलं आणि पंधराच दिवसांनी, १० ऑगस्टला, कच्छच्या रणात भारताच्या मिग-२१ ने पाकिस्तानी नौदलाचं 'अटलांटिक' हे गस्ती विमान पाडलं. आतले सोळाही जण गेले. भारताचं म्हणणं, विमान आमच्या हद्दीत आलं होतं आणि इशाऱ्याला दाद देत नव्हतं. पाकिस्तान म्हणे, बिनशस्त्र होतं, सरावावर होतं, आमच्याच आभाळात होतं. दोघांनीही अवशेष दाखवले. त्यात ही घटना सर क्रीकजवळची. त्या खाडीची सीमा दोन्ही देशांत आजही ठरलेली नाही. खालचाच धुरा वादात, तिथे वरचा कुणी मोजायचा?

पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, सुमारे सहा कोटी डॉलर भरपाई मागितली. २१ जून २००० ला निकाल लागला, १४ विरुद्ध २. काय, तर हा खटला चालवायचा अधिकारच आम्हाला नाही! राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद या न्यायालयात चालणार नाहीत, अशी अट भारताने आधीच घालून ठेवली होती, ती न्यायालयाने मान्य केली. विमान नेमकं कुणाच्या आभाळात होतं, यावर न्यायालयाने निवाडा दिलाच नाही. कायदा शिकणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा, लहानसाच आहे.

१९९१ च्या कराराची खरी अडचण आता वेगळीच आहे. तो विमानांचा करार आहे. ९ मार्च २०२२ ला भारताकडून चुकून सुटलेलं एक क्षेपणास्त्र पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. नशीब, कुणी मेलं नाही. दोन दिवसांनी भारताने खेद व्यक्त केला, चौकशी केली आणि ऑगस्टमध्ये हवाईदलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. मे २०२५ मध्ये तर दोन्हीकडची विमानं आपापल्या हद्दीतून मारा करत होती आणि सीमा ओलांडत होती ती क्षेपणास्त्रं अन् ड्रोन. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं भारताने सांगितलं. तुमच्यापासून दीडशे किलोमीटरवर, नागपुरात, 'नागास्त्र-१' हे असंच लष्करी ड्रोन बनतं. वजन नऊ किलो, सैनिक पाठीवर नेऊ शकतो, पल्ला ३० किलोमीटरपर्यंत. त्याच्यापुढे १० किलोमीटरची पडीत पट्टी किती पुरणार? नवा करार हवा, यात मला शंका नाही. पण तो करायला आधी एका टेबलाशी बसावं लागेल.

१० मे २०२५ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचा फोन भारतीय महासंचालकांना आला आणि संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवायचं ठरलं. आभाळ मात्र उघडलं नाही. पाकिस्तानने २४ एप्रिलला भारतीय विमानांना आणि भारताने ३० एप्रिलला पाकिस्तानी विमानांना घातलेली बंदी नंतरही महिन्यामागून महिना वाढत राहिली. २०१९ मध्ये बालाकोटनंतर असंच साडेचार महिने चाललं, तेव्हा एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटींचा फटका बसल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं होतं. नागपूरहून दिल्ली गाठून पुढे युरोपला शिकायला निघालेल्या तुमच्या सिनियरचं विमान मग पाकिस्तान टाळून, अरबी समुद्रावरून लांबचा वळसा घेतं. त्या जादा इंधनाचा भार शेवटी तिकिटावरच येतो.