ओढ्याच्या वाटेने डोंगरमाथ्यावर: रामलिंगला जाण्याआधी हे ऐका

पाऊस जरा उघडला की तेर, ढोकी, धाराशिवच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: "रविवारी रामलिंग?" तेरहून येडशी जवळच. बालाघाटाच्या कुशीत रामलिंगाचं मंदिर, शेजारी ओढा, वर डोंगर. रावणाशी लढून जखमी झालेला जटायू इथंच पडला, अशी कथा सांगतात. आजच्या भागात बघू, ओढ्याच्या कडेनं डोंगर चढताना नेमकं काय होतं.

पहिला प्रश्न: वाट ओढ्याच्या कडेनंच का जाते? बालाघाट म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. पाणी हे थर कापत खाली येतं आणि चढायला सोपी खाच तयार होते. गुरंही तिथूनच जातात आणि माणसंही. म्हणून आपल्याकडं डोंगर चढलात की टोकदार शिखर नसतं, सपाट पठार लागतं. कधी तर थेट कुणाचं तरी शेतच!

मग वाट हरवते कशी? पावसाळ्यात गवत कमरेपर्यंत येतं, घाणेरीची जाळी दोन्ही बाजूंनी मिटते. त्यात ढोरवाटा फसवतात. गुरांची वाट चरायच्या जागी जाऊन विरते, माणसाची पुढं चालू राहते. म्हणून दर दहा मिनिटांनी मागं वळून फोटो काढा. उतरताना तुम्हाला तोच देखावा दिसणार आहे. चढतानाचा फोटो तेव्हा कामाला येत नाही.

आता खरी गंमत. आम्ही कोडवाले ज्याला 'ट्री' म्हणतो, तसाच ओढा असतो. खाली एक खोड, वर असंख्य फांद्या. चढताना प्रत्येक फाट्यावर निवड करावी लागते. उतरताना फाटे आपोआप एकत्र येतात, त्यामुळं सोपं वाटतं. पण पठारावर चुकीच्या फांदीत उतरलात की थेट दुसऱ्याच दरीत! बालाघाट तर पाणी वाटणारा डोंगर. एका बाजूचं पाणी तेरणा-मांजरामार्गे गोदावरीला जातं, तर दुसऱ्या बाजूचं सीना-भीमामार्गे कृष्णेला. म्हणून जिथून पठारावर पाय ठेवाल, तिथंच मोबाईलवर पिन टाका. घळीत आभाळ कमी दिसतं, सिग्नल कड्यावर आपटून येतो आणि तुमचा निळा ठिपका भलतीकडं उडतो. वरच्या मोकळ्यावर तो जास्त नेमका असतो. नकाशा घरूनच डाऊनलोड करा.

पाण्याचं काय? पठारावर माती पातळ, खाली खडक. वर जोराची सर आली की पाणी मुरत नाही, सरळ ओढ्यात उतरतं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी ओढा फुगू शकतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज वाढला, की लगेच बाजूच्या उंच भागावर चढा. पाणी गुडघ्याएवढं आणि वेगात असेल तर ओलांडू नका, ओसरेपर्यंत थांबा. 2025 च्या सप्टेंबरमध्ये आपल्या जिल्ह्यात पुरानं काय केलं, ते सगळ्यांनी पाहिलंय.

आणि वाघ! हसू नका. डिसेंबर 2024 मध्ये रामलिंगच्या जंगलात कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून चारशेहून जास्त किलोमीटर चालत आला होता तो. येडशी-रामलिंग घाट हे सुमारे 22 चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. मंदिरापर्यंत भाविकांची वाट आहे. त्यापुढं जंगलात शिरायचं असेल तर आधी वनविभागाची परवानगी घ्या, सोबत वाट माहीत असलेला स्थानिक माणूस घ्या. दाट गवतात बोलत चाला, काठीनं गवत हलवत चाला. साप बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतो.

शेवटचं, घड्याळ. सप्टेंबरअखेर सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो, घळीत तर त्याआधीच अंधारतं. म्हणून दुपारी दोन वाजले की माथा आला असो वा नसो, परत फिरायचं. हा नियम सकाळी, सगळे ताजेतवाने असतानाच ठरवा. माथा समोर दिसायला लागल्यावर "अजून दहाच मिनिटं" म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.

निघताना घरी सांगून जा, कुठून चढणार आणि कितीला परतणार. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, चालत राहा!