जुनं यंत्र मातीत उतरवावं की मांडून ठेवावं?

मागून चालत हाकायची जुनी मशागतयंत्रं शोधून पुन्हा चालती करण्याचा छंद ब्रिटनमध्ये गेल्या काही दशकांत चांगलाच रुजला आहे. हॉवर्डचं जेम, ट्रस्टी, आयर्न हॉर्स, बारफर्ड अॅटम ही नावं तिथल्या यंत्रवेड्यांच्या तोंडी असतात. भंगारातून किंवा बंद पडलेल्या भाजीमळ्याच्या छपराखालून असं एखादं यंत्र बाहेर निघतं, सुटं होतं, घासलं जातं आणि जोडलं जातं. पुढे मात्र वाटा फुटतात. काही जण ते रंगवून, चकचकीत करून मांडून ठेवतात, तर काही जण त्याला नांगर लावून शेतात उतरवतात. या सगळ्या प्रवासाकडे मागे वळून पाहताना मला दुसरी वाट खरी जतनाची वाटते. ही यंत्रं का आणि कशी घडली, यातच त्याची कारणं आहेत.

१९१२ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये, गिलगँड्रा इथे, आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने वडिलांच्या शेतावर वाफेच्या ट्रॅक्टरची ताकद फिरत्या पात्यांना जोडून पाहिली. नांगरटीत जशी माती दाबली जाते तशी इथे दाबली जात नव्हती, पण पाती ती बाजूला भिरकावत होती. पात्याला इंग्रजी एल अक्षरासारखं वळण दिल्यावर आणि पात्यांमधलं अंतर वाढवल्यावर हा दोष गेला. १९२० साली पेटंट झालं, १९२२ साली कंपनी निघाली आणि १९३८ साली हॉवर्डने इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात रोटरी होज हा कारखाना काढला. आज आपल्याकडे गावोगाव ट्रॅक्टरमागे लागणाऱ्या रोटाव्हेटरची पाती बहुधा याच वळणाची असतात. म्हणजे या यंत्राचं वैशिष्ट्य ठरवलं ते मातीने, आणि पात्याचं वळण असंच का, याचं उत्तर आजही मातीतच दिसतं. मांडून ठेवलेल्या यंत्राचं पातं हा नुसता वाकवलेला पोलादाचा तुकडा असतो.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. आयात धोक्यात आल्यावर ब्रिटनमध्ये परसबागा आणि मोकळी मैदानं भाजीपाल्याखाली आली, आणि रेशनिंग तर युद्ध संपल्यावरही १९५४ पर्यंत चाललं. घोडा पाळणं परवडत नाही आणि मोठा ट्रॅक्टर वळवायला जागा नाही, अशा मळेवाल्यांना या दुचाकी यंत्रांनी हात दिला. इंजिन बहुधा टॉटनहॅमच्या जॅप कारखान्याचं किंवा वुल्व्हरहॅम्प्टनच्या विलियर्सचं असे. विलियर्सचा पसारा एवढा होता की १९५६ साली त्यांनी आपलं वीस लाखावं इंजिन लंडनच्या सायन्स म्युझियमला भेट दिलं. साठच्या दशकात तणनाशकांचा वापर वाढला, कोळपणीची गरज घटली, शहरालगतचे मळे घरांखाली गेले, हलके टिलर आणि जपानी यंत्रं बाजारात उतरली. होंडाने पहिला टिलर १९५९ सालीच काढला होता. जुनी यंत्रं कोपऱ्यात गेली. ती कोपऱ्यात गेली तेव्हा ती हाकण्याचं कसब असलेली पिढीही थकत चालली होती, आणि माझ्या मते जास्त मोठं नुकसान या दुसऱ्या गोष्टीने झालं.

हे कसब म्हणजे काय, ते नांगर लावलेल्या दुचाकी यंत्रात नीट कळतं. पहिलं तास पाडताना दोन्ही चाकं सपाट जमिनीवर असतात आणि यंत्र सरळ उभं असतं. दुसऱ्या फेरीला एक चाक तासात उतरतं, सगळं यंत्र एका अंगाला कलतं, आणि आधी बरोबर लावलेला नांगर आता तिरका लागतो. तेव्हा नांगराचा कल पुन्हा साधायचा, खोली बदलायची, मुठी एकीकडे सरकवायच्या. हे जमलं नाही तर हाकणारा दिवसभर यंत्राशी झोंबत राहतो. जमलं तर मुठींवर नुसता हात ठेवून चालता येतं. माहितीपुस्तिकेत क्रम छापलेला असतो, पण आज जमिनीला वाफसा आहे का, फाळ किती झिजल्यावर नांगर वर उचलू लागतो, हे त्यात नसतं. यंत्र चालताना दिसणं किती मोलाचं, याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने तो बराच काळ विकला गेला नाही. अशी भीती जाऊ शकते ती नांगर वावरात चालताना पाहूनच.

यंत्राच्या दुरुस्तीचा खरेपणाही कामातच तपासला जातो. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोचंच पाहा. टेबलावर फिरवला की लखलखीत ठिणगी देतो, इंजिन पहिल्या दोरीला सुरू होतं आणि पाहणारे टाळ्या वाजवतात. यंत्र मातीत घातल्यावर इंजिन तापतं, आतला साठ-सत्तर वर्षांचा कंडेन्सर किंवा कॉइलचं जुनं आवरण दगा देतं, ठिणगी मरते आणि इंजिन बंद पडतं. गार झालं की पुन्हा शहाण्यासारखं चालू. भाराखाली गव्हर्नर इंजिनाचा वेग सावरतो का, गिअरबॉक्सचं सील धरतं का, क्लच घसरतो का, यांपैकी काहीच यंत्र उभं ठेवून कळत नाही. न तपासलेल्या दुरुस्तीला मी पूर्ण दुरुस्ती म्हणणार नाही.

यावर पहिला आक्षेप झिजेचा. चालवाल तर मूळ भाग झिजतील, मग उरलेलं यंत्र अस्सल कसं? पण पाती आणि फाळ हे मुळातच झिजून बदलायचे भाग होते. मूळ मालकानेही ते अनेकदा बदलले असतील. उलट सरसकट वाळूच्या फवाऱ्याने यंत्र घासून नवा रंग चढवला की कास्टिंगवरचे क्रमांक, हातांनी गुळगुळीत झालेल्या मुठी, गावच्या लोहाराने घातलेलं ठिगळ, सगळंच पुसलं जातं. अस्सलपणाची हानी रंगाने जास्त होते. एकुलता एक उरलेला नमुना किंवा तडा गेलेलं गिअरबॉक्सचं कास्टिंग मात्र चालवू नये, हे मान्यच केलं पाहिजे.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो हलका नाही. आजच्या यंत्रांवर हात सुटला की पाती थांबतात; अनेक जुन्या यंत्रांत ही सोय नाही. मागे येताना हाकणारा यंत्र आणि भिंत यांच्यात सापडू शकतो. जुन्या क्लचच्या अस्तरात अॅसबेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ फुंकून उडवायची नसते. पण यावर उपाय आहेत: हाताशी इंजिन बंद करणारा खटका बसवायचा, मागे घेताना पाती बंद ठेवायची, बघ्यांना लांब उभं करायचं. पेट्रोलमधल्या इथेनॉलचंही तसंच. ब्रिटनमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत आणि आपल्याकडे आता वीस टक्के मिसळ आहे. ती ओल ओढते आणि जुन्या रबरी नळ्या खाते. नळ्या बदलाव्यात, काम संपल्यावर टाकी रिकामी करावी.

सगळ्यात वजनदार आक्षेप मातीच्या बाजूने येतो. फिरत्या पात्यांनी मातीचं पीठ होतं, खाली घट्ट थर बसतो, गांडुळं मरतात. मग अशा यंत्राचा गौरव कशाला? टीका खरी आहे. पण पातं एका घासात किती माती उचलतं हे दोन वेगांवर ठरतं, पुढे जाण्याच्या आणि पाती फिरण्याच्या. पुढचा वेग कमी आणि फिरकी जास्त ठेवली की पीठ. उलट केलं की मोठी, सच्छिद्र ढेकळं. चालण्याच्या गतीने यंत्रामागून जाणाऱ्याला प्रत्येक घास पायासमोर दिसतो आणि तो जागच्या जागी गिअर बदलू शकतो. ट्रॅक्टरवर पाठमोरं बसलेल्याला हे दिसणं अवघड असतं. रोटाव्हेटरच्या अतिवापरावर बोलायचं तर त्याचा हा जुना, सावकाश अवतार चालताना पाहणं उपयोगाचं आहे.

आपल्याकडे हा प्रश्न लवकरच दारात येणार आहे. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ साली मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर बनवण्याची वाट धरली, केरळची कॅम्को १९७३ साली कुबोटाच्या तंत्रावर उभी राहिली. देशातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६च्या कृषिगणनेत १.०८ हेक्टर भरली. कोकणातल्या भातखाचरांना तर मागून हाकायचं यंत्रच सोयीचं. त्या पहिल्या पिढीतले टिलर आज पन्नाशीचे आहेत आणि भंगाराच्या भावाने जाऊ शकतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यातले दोन-तीन मिळवून चालते ठेवावेत, आणि दर पावसाळ्यात लोखंडी चाकं लावून त्यांच्याकडून एखाद्या खाचराची चिखलणी करून घ्यावी. ते ज्यांनी हाकले ती माणसं अजून गावांत आहेत. शिकवायला त्यांनाच बोलवावं.