पुतळा बाल्टोचा, वाट टोगोची

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टो नावाच्या कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा आहे. डिसेंबर १९२५मध्ये त्याचं अनावरण झालं, तेव्हा बाल्टो स्वतः तिथे हजर होता. अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ पसरली असताना बर्फातून औषध पोहोचवणारा हाच तो कुत्रा, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. इथूनच घोटाळा सुरू होतो.

‘बाल्टोने नोम वाचवलं.’

जानेवारी १९२५मध्ये नोमचं बंदर गोठलेलं होतं. जवळची विमानं उघड्या बैठकीची, आणि तीही हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली. नोमचे डॉ. कर्टिस वेल्च यांच्याकडचं घटसर्पावरचं औषध, म्हणजे प्रतिविष, जुनं झालं होतं. अँकरेजला ३ लाख युनिट प्रतिविष सापडलं. ते रेल्वेने नेनाना या ठिकाणापर्यंत आलं, आणि तिथून नोमपर्यंतची सुमारे १,०८५ किलोमीटरची वाट कुत्र्यांच्या स्लेजने कापायची ठरली. वीस स्लेजचालक आणि सुमारे दीडशे कुत्रे यांनी टप्प्याटप्प्याने, हातोहात, ते प्रतिविष साडेपाच दिवसांत पोहोचवलं. २ फेब्रुवारीच्या पहाटे नोममध्ये शिरलेली शेवटची गाडी गुन्नार कासेनची होती आणि तिच्या पुढे बाल्टो होता. त्यांच्या वाट्याला साधारण ८५ किलोमीटर आले. टप्पा सोपा मुळीच नव्हता. वादळात गाडी उलटली आणि औषधाचं खोकं कासेनला बर्फात चाचपून शोधावं लागलं.

पण सगळ्यात लांब आणि सगळ्यात धोक्याचा टप्पा दुसऱ्याच जोडीने केला. नॉर्वेत जन्मलेला लिओनहार्ड सेप्पाला आणि त्याचा म्होरक्या टोगो. सेप्पाला नोमहून उलट दिशेने निघाला, सुमारे २७० किलोमीटर पूर्वेला गेला, शाक्तूलिकजवळ औषध ताब्यात घेतलं आणि तिथूनच मागे वळला. नॉर्टन साउंड या गोठलेल्या खाडीवरून जाणारा जवळचा रस्ता त्याने एकाच दिवसात दोनदा कापला. परतताना अंधार होता, वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं, आणि पायाखालचा बर्फ कधी फुटेल याचा भरवसा नव्हता. दिशा टोगोवर सोपवून सेप्पाला मागे उभा राहिला. औषध घेऊन ते जवळजवळ १४६ किलोमीटर आले. जाणं-येणं धरलं तर चारशेहून अधिक. टोगोचं वय तेव्हा अकरा-बारा वर्षांचं, म्हणजे स्लेजच्या कुत्र्याने निवृत्त होऊन उन्हात पडून राहण्याचं.

आणि बाल्टो? तोही सेप्पालाच्याच कुत्र्यांतला. सेप्पालाच्या मते तो माल ओढणारा साधा कुत्रा, म्हणून त्याला तो नोममध्येच ठेवून गेला होता. वर्तमानपत्रांना मात्र गावात शिरणारी गाडी दिसली. शेवटचा टप्पा धावणाऱ्याचा फोटो छापून येतो, एवढाच या कीर्तीमागचा तर्क. सेप्पालाला ते आयुष्यभर खुपत राहिलं, आणि मला वाटतं त्याची बाजू रास्त होती. तरी बाल्टोवर रागावण्यातही अर्थ नाही. त्याची पुढची परवड वाचली की राग उरतच नाही. दोन वर्षांतच तो आणि त्याचे सोबती लॉस एंजेलिसमधल्या एका स्वस्त तमाशा-दालनात हलाखीत सापडले. १९२७मध्ये क्लीव्हलँडच्या लोकांनी, त्यात शाळकरी मुलांनीही, वर्गणी काढून त्यांची सुटका केली.

‘बाल्टो अर्धा लांडगा होता.’

हे १९९५च्या कार्टूनपटाचं देणं. बाल्टोचं पेंढा भरलेलं शरीर क्लीव्हलँडच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. त्याच्या कातडीतून मिळालेल्या डीएनएचा अभ्यास २०२३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात लांडग्याचा उल्लेखनीय अंश सापडला नाही. आजच्या सायबेरियन हस्कीशी त्याचं नातं दिसलं, पण तो आजच्या शुद्ध वंशाच्या कुत्र्यांपेक्षा जनुकीयदृष्ट्या बराच वैविध्यपूर्ण होता. आजच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीतही प्रदर्शनातले निळ्या डोळ्यांचे हस्की अपवादानेच दिसतात. धावतात ते ‘अलास्कन हस्की’, आणि ही मुळात जातच नाही. वेग, पाय, भूक आणि हुरूप पाहून पिढ्यानपिढ्या केलेला हा संकर आहे. वजन साधारण २०-२५ किलो. टोगोही जेमतेम २२ किलोचा होता.

‘इडिटारॉड म्हणजे त्या औषध-दौडीची पुनरावृत्ती.’

अंशतःच. १९७३पासून दर मार्चमध्ये होणारी ही सुमारे १,६०० किलोमीटरची शर्यत नोमलाच संपते, त्यामुळे हा समज घट्ट बसला. जो रेडिंग्टन यांना ती भरवावीशी वाटली ती वेगळ्या काळजीतून: स्नोमोबाइल आल्यावर गावागावांतून कुत्र्यांच्या गाड्या नाहीशा होत होत्या आणि सोन्याच्या शोधकाळातला जुना मार्गही बुजत चालला होता.

‘गाडी हाकणारा कुत्र्यांना पळवतो.’

त्याच्या हातात ना लगाम, ना कासरा. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे, बस. पुढचे कुत्रे ऐकतील तरच गाडी वळते. म्हणूनच म्होरक्या हा कळपातला सर्वांत ताकदवान कुत्रा असतो, हेही खरं नाही. जोर लागतो तो स्लेजला चिकटून धावणाऱ्या मागच्या जोडीला. वळणावर गाडीचं ओझं त्यांच्यावर येतं. म्होरक्याला लागते अक्कल: वाट हुंगणं, सोबत्यांची चाल राखणं, आणि पुढचा बर्फ पातळ वाटला तर हुकूम मोडून थांबणं. ही हुकूम मोडायची बुद्धी कामाच्या म्होरक्यात हवीच असते.

‘थंडी हा मोठा शत्रू.’

कुत्र्यांच्या बाबतीत उलटं आहे. उणे २० अंशांच्या आसपास ते खुशीत धावतात. त्रास होतो तो उकाड्याचा. घाम जवळजवळ नसल्यामुळे उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकूनच. बर्फ कमी पडल्यामुळे २००३, २०१५, २०१७ आणि २०२५मध्ये इडिटारॉडची सुरुवात उत्तरेला फेअरबँक्सला हलवावी लागली. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हस्की पाळणाऱ्यांनी उकाड्याचं हे जरूर लक्षात घ्यावं. एसी हे त्यावरचं पुरेसं उत्तर नाही.

‘शेवटी ते निव्वळ जिद्दीवर धावतात.’

जिद्द असते, पण शरीरही काही विलक्षण करत असतं. दिवसाला दहा हजार किलोकॅलरींच्या आसपास अन्न पचवणाऱ्या या कुत्र्यांवर ऑक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे मायकेल डेव्हिस यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. माणसाचे स्नायू रोजच्या लांब दौडीत रिते होत जातात. या कुत्र्यांच्या स्नायूंतला साखरेचा साठा पहिल्या दिवशी खाली येतो आणि पुढे धावणं चालू असतानाच पुन्हा भरू लागतो. दोन-चार दिवसांत शरीर या दौडीला सरावतं.

यावरून ‘त्यांना काही होत नाही’ असा निष्कर्ष काढणं मात्र नवा गैरसमज ठरेल. याच संशोधनात धावणाऱ्या बऱ्याच कुत्र्यांच्या जठरात व्रण आढळले. २०२४च्या शर्यतीत तीन कुत्रे मेले. प्राणिहक्कवाले शर्यतच बंद करा म्हणतात. चालक म्हणतात, यांना जुंपायला गेलं की उड्या मारतात, धावायचं त्यांनाच असतं. उड्या मारतात, हे खरंच आहे. पण कुठे थांबायचं हे धावण्याच्या धुंदीतल्या कुत्र्यावर सोडता येत नाही. तिथे नियम लागतात: एक सलग २४ तासांची आणि दोन ८ तासांच्या सक्तीच्या विश्रांती, पायात कापडी मोजे, प्रत्येक थांब्यावर पशुवैद्याची तपासणी. थकलेल्या किंवा लंगडणाऱ्या कुत्र्याला थांब्यावर मागे ठेवतात, आणि तो विमानाने परत जातो. नोमला पोहोचताना गाडीला किमान पाच कुत्रे जुंपलेले असले पाहिजेत, एवढीच अट.