पहिल्या विमानाची प्रतिकृती

जुन्या वाड्याची नक्कल जितकी हुबेहूब उतरेल, तितके कारागिरांचे कौतुक होते. आद्य विमानांच्या बाबतीत मात्र हा हुबेहूबपणाच वैमानिकाच्या जिवावर बेतण्याचा संभव असतो. राइट बंधूंच्या विमानाची उडती प्रतिकृती करू पाहणाऱ्यांना या पेचाची पुरेपूर कल्पना आली.

१७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील किटी हॉकजवळच्या वाळवंटी किनाऱ्यावर हे विमान चार वेळा उडाले. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे व १२० फुटांचे, तर अखेरचे ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे. त्यानंतर वाऱ्याच्या झोताने ते उलथून मोडले आणि पुन्हा कधीच उडाले नाही. बंधुद्वयाने त्याचे संपूर्ण आराखडे मागे ठेवले नव्हते. साहजिकच पुढील कारागिरांना छायाचित्रे, पत्रे व टिपणवह्या यांवरून माग काढावा लागला.

विमानाची अडचण नीट समजण्यासाठी त्याची रचना ध्यानी घेतली पाहिजे. वैमानिक खालच्या पंखावर पालथा निजे. कंबर डावी-उजवीकडे सरकवली की तारा ओढल्या जाऊन पंखांची टोके पिळली जात आणि तोल सावरे. चढउताराचे सुकाणू पुढे आणि भार मात्र हवा त्याहून मागे. त्यामुळे नाक किंचित वर झाले की ते आणखी वर जाऊ पाही. हातून क्षणाचा विलंब झाला, तरी विमान वाळूवर आपटे.

लॉस एंजेलिसच्या एका मंडळाने आपली प्रतिकृती १९९९ साली एम्स येथील प्रचंड वायुबोगद्यात तपासली, तेव्हा हा दोष मापून सिद्ध झाला. तंतोतंत विमान उडवू नये, उडवण्यासाठी सुधारलेले दुसरे बांधावे, असे त्या मंडळाने ठरवले. व्हर्जिनियातील केन हाइड यांच्या गटाने नेमका उलटा मार्ग धरला. दोष तसेच राखावयाचे आणि वैमानिक तयार करावयाचे! शिकवण्याचे काम स्कॉट क्रॉसफील्ड यांच्याकडे आले. ध्वनीच्या दुप्पट वेग प्रथम ओलांडणारा हा वैमानिक ताशी तीस मैलांचे विमान कसे सांभाळावे, हे इतरांना शिकवीत होता.

नोव्हेंबर २००३ मध्ये हे विमान सुमारे शंभर फूट उडाले. शताब्दीच्या दिवशी, १७ डिसेंबरला, हजारो प्रेक्षक जमले. पण पाऊस लागला, वारा पडला आणि विमान रुळावरून सुटून चिखलात रुतले. वृत्तपत्रांना यात फजिती दिसली. वस्तुतः १९०३ साली समोरून ताशी वीस मैलांहून अधिक वारा होता. म्हणूनच जमिनीवरून दहा मैलांच्या आतल्या वेगानेही ते विमान तरंगले. अवघ्या बारा अश्वशक्तीच्या एंजिनाला त्या वाऱ्याचा हातभार हवाच होता, हे या अपयशाने जितके स्पष्ट झाले, तितके यशाने झाले नसते.

प्रॉपेलरच्या तपासणीत तर थक्क करणारी गोष्ट आढळली. पंखा म्हणजे फिरता विमानपंखच, अशी कल्पना करून बंधूंनी हाताने लाकूड तासले होते. तशाच तासलेल्या नव्या पंख्यांची परीक्षा घेता, एंजिनाकडून मिळालेल्या शक्तीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती ते विमान ढकलण्याच्या कामी लावतात, असे दिसून आले.